चिठ्ठीत आलेला बाप

आमच्या वाचनमंडळात नाटक वाचायचं असलं की भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरतात. निवृत्त मराठी शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, त्यांचे दोन नियम आहेत. चिठ्ठी बदलायची नाही आणि घरगुती विषय काढायचे नाहीत. दुसरा नियम माझ्या विहिणीला आणि मला सोयीचा पडला.

ती विहीण व्हायच्या आधी माझी मैत्रीण होती. स्वारगेटजवळच्या त्या वाचनालयात आम्ही शेजारी बसायचो. माझ्या डब्यातले वडे ती हक्काने खायची. मग तिच्या मुलीने माझ्या मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. आम्ही बौद्ध. वडे चालत होते, जावई चालला नाही. तिने मुलीशी बोलणं टाकलं, माझ्याशीही. मंडळ मात्र दोघींपैकी कुणीच सोडलं नाही. ती खिडकीपाशी बसते, मी दारापाशी.

त्या रविवारी वाचायला एक जुनी शोकांतिका होती. वैर असलेली दोन घरं, त्यांतली दोन मुलं प्रेमात पडतात, मरतात, आणि मग घरं एक होतात. सकाळी निघताना सून म्हणाली होती, "आई, माझ्या आईला एकदा विचाराल? पहिलं बाळंतपण माहेरी करतात ना. नुसतं विचारा." तिला सातवा महिना होता. मी विचारते म्हटलं.

चिठ्ठीत मला नायिका आली. सगळे हसले. गुडघे धरून जिना चढणारी नायिका. विहिणीला आला नायिकेचा बाप.

बाप मुलीला घराबाहेर काढतो, तो प्रवेश आला. तिने चष्मा काढला आणि पुस्तकात न बघता, माझ्याकडे बघत सगळं म्हटलं. मुलांच्या लग्नानंतर प्रथमच ती माझ्याशी बोलत होती. माझी वाक्यं रडवेली होती. मी ती सरळ वाचून टाकली.

वाचन संपल्यावर सर म्हणाले, "प्रेमाचं यापेक्षा मोठं नाटक नाही."

खराडीत नोकरी करणारी एक मुलगी येते, ती म्हणाली, "सर, चार दिवसांची ओळख. हे प्रेम नाही, क्रश आहे. खरा स्ट्राँग आहे तो द्वेष."

"तुम्ही चार वर्षं ओळखीत काढता आणि मग 'विचार करते' म्हणता," सर म्हणाले.

"द्वेष कुठे दिसला तुम्हाला?" विहीण म्हणाली. "त्या बापाचं प्रेमच आहे. प्रेम नसतं तर एवढा चिडला असता?"

मी म्हटलं, "मग मुलगी मेल्यावर समोरच्या घराशी हात मिळवतो, तो आधी का नाही?"

"आधी मिळवला असता तर हरला असता."

"आणि नंतर?"

"नंतर हरायला काही उरत नाही."

वही मिटत सरांनी घड्याळ बघितलं. मी थांबले नाही. "समजा, ती जिवंत परत आली असती. पोटुशी. पहिल्या बाळंतपणाला माहेरी. बापाने दार उघडलं असतं?"

"असं नाटकात काही नाही," सर म्हणाले.

"नाहीये ना?" विहीण म्हणाली. "मग विचारायचं कशाला? आणि पुढच्या वेळी काहीतरी विनोदी घ्या, सर."

खाली चपला घालताना आम्ही दोघीच होतो. ती पट्टा लावत वाकलेली. वर न बघता म्हणाली, "पाय सुजतात का?"

"सुजतात."

"माझेही सुजायचे. मीठ कमी दे." दुसरी चप्पल घालून ती रस्ता ओलांडून गेली. मी हाक मारली नाही. तिचं उत्तर वरच देऊन झालं होतं.

घरी सून दारातच उभी होती. "काय म्हणाली?"

"नाही म्हणाली. पाय सुजत असतील तर मीठ कमी खायला सांगितलंय."

मुलाचा चेहरा उजळला. "बघ! काळजी आहे म्हणजे. येतील त्या."

"काळजी असती तर आज आली असती," सून म्हणाली. "लांबून मीठ काय कुणीही मोजतं."

दोघं त्यावर बराच वेळ भांडली. मंडळातला वाद माझ्या घरी पोचला होता, आणि इथे घड्याळ बघायला सर नव्हते. मी दोघांपैकी कुणाचीच बाजू घेतली नाही. मागची खोली बाळंतिणीसाठी रिकामी करायची होती, तिथली कपाटं उद्या हलवायची असं मनाशी ठरवलं आणि स्वयंपाकाला लागले.

आमटीत मीठ निम्मंच घातलं. सुनेने एक घास खाल्ला, माझ्याकडे बघितलं, आणि मिठाची बरणी ओढून वरून चमचाभर घालून घेतलं.

मी बरणी उचलली नाही.