एकदा दाबलं की चार खिडक्या

अण्णाच्या कॉम्प्युटरला काहीही झालेलं नव्हतं, आणि मी तो सगळा पुसून नवा केला.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो राहतो नवनगरला, मी केशवापूरला. नोकरीत असताना मला कॉम्प्युटरमधलं कळतं अशी एक अफवा होती. ती मीच पसरवली होती, आणि निवृत्तीनंतरही विझू दिली नाही. त्यामुळे अण्णाच्या पडद्याच्या कडेला मोठमोठ्या चित्रांची पट्टी बसवून दिली ती मीच. एक चित्र दाबलं की पेपर उघडतो, दुसरं दाबलं की बेळगावची अक्का समोर येते. अक्का आम्हा दोघांपेक्षा थोरली. हल्ली तिला अक्षर दिसत नाही. रोज सकाळी अण्णा तिला अग्रलेखापासून निधनवार्तेपर्यंत अख्खा पेपर वाचून दाखवतो आणि ती मधेमधे सरकारला शिव्या घालते. दोघांचाही दिवस त्यावर चालतो.

तर ती पट्टी बिघडली. एकदा दाबलं की पेपरच्या तीन खिडक्या, कधी चार. अक्काच्या कॉलच्याही दोन. मग आवाज घुमायचा, अक्काला स्वतःचंच बोलणं परत ऐकू यायचं. "अरे, तिथं माझ्यासारखी आणखी कोण आलीय?" असं ती विचारायची. अण्णा घाईघाईनं जादाची खिडकी बंद करायला जायचा, आणि बंद व्हायची नेमकी अक्का.

मी गेलो. चित्र दाबलं. एकच खिडकी.

"बघ, चालतंय की!"

अण्णानं दाबलं. चार.

"तुला घाबरतंय ते," अण्णा म्हणाला.

खरं सांगायचं तर मलाही ते थोडंसं पटलं.

व्हायरस आहे, असं मी जाहीर केलं. आधी व्हायरस मारायचा प्रोग्राम घातला. मग नवा माउस आणला. मग शर्टाच्या बाह्या सरसावून सगळं मुळापासून पुसलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "भावजी, सगळंच पुसलंत?" म्हणाल्या, आणि चहा आणायला गेल्या. मला भरलेला कप आला, अण्णाला अर्धा. मी विचारलं तर म्हणाल्या, "अर्धा अर्धा करून दोनदा देते हल्ली." त्यावर मी साखर आणि उतारवय या विषयावर एक छोटंसं भाषण दिलं. दोघांनीही ते शांतपणे ऐकून घेतलं.

नवाकोरा कॉम्प्युटर सुरू झाला. पट्टी पुन्हा बसवली. अण्णानं दाबलं. पाच!

त्यानं चष्मा काढून ठेवला. "साक बिडो," कानडीत म्हणाला. "पुरे झालं आता. अक्काला सांग, पेपर बंद. शेजारचं कोणीतरी वाचून दाखवेल तिला."

"कोण दाखवेल?"

"नाहीतर रेडिओ ऐकेल."

हे तो भिंतीकडे बघत बोलला. अक्का रेडिओला शिव्या घालू शकते, पण रेडिओ तिला उलट बोलत नाही, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं.

आणि तरी मी मास्तरकी सोडली नाही. "तू नीट दाबत नाहीस. थांब, दाखवतो," म्हणून त्याच्या हातावर हात ठेवला. साठी उलटलेल्या पुरुषांनी एकमेकांचे हात धरायची आमच्या घरात पद्धत नाही. नाहीतर मला फार आधी कळलं असतं. त्याचा हात थरथरत होता. फार नाही, उकळी फुटताना पातेल्यावरचं झाकण हलतं, तितकाच. आणि त्या हाताखाली माउस आपला टक, टक, टक.

मी हात काढला नाही.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून असेल."

"वहिनींना...?"

"तिला माहीत आहे. म्हणून तर अर्धा कप."

"मग मला सगळं पुसू का दिलंस?"

"तू व्हायरस म्हणालास ना," अण्णा म्हणाला. "मला बरं वाटलं."

मी पट्टीच्या सेटिंगमध्ये तोंड खुपसलं. तिथं एक ओळ होती: प्रोग्राम आधीच उघडा असेल तर पुन्हा उघडू नये, तोच पुढे आणावा. समोर रिकामा चौकोन. पट्टी बसवताना मी ती ओळ वाचलीच नव्हती, आणि दुसऱ्यांदा बसवतानाही नाही. मी खूण केली. अण्णानं दाबलं. टक, टक, टक. एकच खिडकी.

"उद्या रिक्षा घेऊन येतो. डॉक्टरांना हात दाखवू," मी म्हटलं.

"येईन. पण अक्काला कळता कामा नये. मग ती पेपर ऐकणार नाही, माझा आवाजच ऐकत बसेल."

लगेच अक्काला लावलं. आवाज स्वच्छ.

"आता नीट येतंय," अक्का म्हणाली. "काय झालं होतं रे?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिला. उजवा हात त्यानं मांडीखाली सरकवला होता.

"माझंच चुकलं, अक्का," मी म्हणालो. "बसवताना एक खूण करायची राहिली होती."

"तुझी बायको तुला कढीपत्त्यापलीकडे काही आणायला सांगत नाही," अक्का म्हणाली, "ते उगीच नाही."