माणूस दर्यावर असताना लावलेली तबकडी

माझा धाकटा दीर मुंबईत ग्रामोफोनच्या दुकानात कामाला होता. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवाळीला तो गावी, थळला आला तो चावीचा ग्रामोफोन घेऊन. सोबत कुणा गिऱ्हाइकाने नको म्हणून परत केलेली एक विलायती तबकडी. नव्या तऱ्हेचं संगीत म्हणे. दोन व्हायोलिनं, एक त्याहून थोरलं, एक माणसाएवढं, अशी चार वाद्यं. वाजत कसली, भांडत होती. तार ओढून लाकडावर आपटल्याचे आवाज, मध्येच किंकाळी. माझा नवरा पोट धरून हसला. "मांजरा मारतान," म्हणाला. माझंही डोकं उठलं.

"वैनी, चाल शोधू नको," दीर म्हणाला. "काय येल ता येऊ दे."

मी मुलखाची हट्टी. रोज जेवणं उरकली की लावून बसायचे. हळूहळू त्या आवाजातला संताप ओळखीचा झाला, आणि खरं सांगते, आवडायला लागला.

मग वादळ झालं. नवऱ्याची होडी परतली नाही. आमच्यात माणूस दर्यावर असताना घरात रडत नाहीत. रडलं की तो बुडतो म्हणतात. सासूचा नवराही दर्यानेच नेलेला, त्यामुळे तिच्यासमोर डोळ्याला पदर लावायची सोय नव्हती. छाती फुटायची वेळ आली होती. रडायची बंदी होती, ऐकायची नव्हती. भर दुपारी मी चावी पिळली आणि तबकडी लावली.

सासू चुलीतलं लाकूड घेऊनच धावली. "बंद कर ता रडना. माजा पोर दर्यान हाय." पहिला फटका खांद्यावर, दुसरा कानशिलावर. मी ग्रामोफोनवर आडवी पडले, तिचं मनगट धरून कचकन चावले. तोंडात रक्ताची चव आली. शेजारणींनी ओढून सोडवलं. ही म्हातारी मेली तर बरं, असंच वाटलं मला.

दोन गावं पलीकडे वाळूवर प्रेत लागलं. चेहरा माशांनी खाल्लेला. कमरेच्या रुमालावरून ओळखला.

दहन झालं. बायकांनी गळा काढला, मला मात्र रडूच येईना. सासू उठली. मनगटाला चिंधी गुंडाळलेली. तिने ग्रामोफोन माझ्यापुढे आणून ठेवला.

"आता लाव."

मी लावली. तबकडीवरची नजर न हलवता तिने ते सगळं भांडण ऐकलं. शेवटी नुसती पिन खरखरत राहिली.

"सरला रडना?" ती म्हणाली. "एवराच?"