धाकटीच्या व्हिडिओखालची बाई

ताई कोट शिवायच्या. मी त्यांच्या दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहत होते. दुपारी खाली येऊन इस्त्रीच्या टेबलापाशी वाचत बसायचे.

दुकान म्हणजे एकच खोली. मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, खिडकीशी मशीन, भिंतीवरच्या खुंट्यांना बाह्या नसलेले अर्धवट कोट. गिऱ्हाईक आलं की ताई आधी गप्पा मारायच्या, माप नंतर. "टेप लावली की माणूस पोट आत घेतो," त्या म्हणायच्या. "बोलताना बघून घ्यायचं." कुणाचा जुना कोट घट्ट झाला तर "कापड आटलं असेल" म्हणायच्या. "तुम्ही सुटलात" असं कधीच नाही.

ताईंची आई लवकर गेली. धाकट्या बहिणीला ताईंनीच वाढवलं आणि याच टेबलावर शिकवलं. लग्न होऊन धाकटी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे शिवणाचे व्हिडिओ करू लागली. लाखो माणसं ते बघायची. रोज जेवणं उरकली की तिचा ताईंना फोन यायचा. ताईंचे हात कापडात गुंतलेले असायचे, म्हणून फोन टेबलावर आणि आवाज मोठा. मला सगळं ऐकू यायचं.

"ताई, ती बाई व्हिडिओखाली परत लिहून गेली."

"कोण गं?"

"तीच, नाव नसलेली. म्हणते, मुंढा बेतता येत नाही आणि चालली शिकवायला."

मुंढा म्हणजे बाही जोडायची गोलाई. कोटातलं सगळ्यात अवघड काम.

"जळतात मेल्या," ताई म्हणायच्या. "तू लक्षच देऊ नकोस."

"पण ती म्हणते ते बरोबर असतं गं. म्हणून तर लागतं. परवा अख्खी बाही उसवली मी."

"वेडी आहेस झालं."

मला वाटायचं, बहीण असावी तर अशी.

त्या दिवशी फोन लवकर आला. ताई एका कॉलरला इस्त्री करत होत्या.

"ताई, त्या बाईने आज फोटो टाकलाय. अस्तर कसं लावतात ते मला शिकवायला."

"मग?"

"तुरपाई उलट्या बाजूला झुकलीय."

ताई डावखुऱ्या आहेत. उजव्या हाताने घातलेले टाके एकीकडे झुकतात, त्यांचे दुसरीकडे. दुकानातल्या प्रत्येक कोटाच्या आत ते आहेत. मी रोज बघत होते आणि मला त्यात कधी काही वेगळं दिसलं नव्हतं.

"जगात डावखुऱ्या बायका काय कमी आहेत?" ताई हसून म्हणाल्या.

"कोपऱ्यात दोरा दोनदा फिरवून अस्तराखाली लपवलाय. ती आईची पद्धत, आपल्या दोघींनाच येते. आणि आई डावखुरी नव्हती."

इस्त्री कॉलरवर तशीच राहिली. मी उठून ती उचलली.

"मी रोज तुलाच सांगत होते," धाकटी म्हणाली. "रडून रडून तुलाच सांगत होते ना गं."

फोन बंद झाला. कॉलरवर तपकिरी डाग पडला होता. ताई ओलं फडकं घेऊन तो पुसायला लागल्या. असला डाग निघत नाही, हे मलाही ठाऊक होतं.

मी एवढंच विचारलं, "का?"

"एकदा व्हिडिओत म्हणाली, मी आपली आपणच शिकले."

"तुमचं नाव घेतलं नाही त्यांनी?"

"मीच म्हटलं होतं, माझं नाव कुठे घालू नकोस बाई, मला नाही आवडत ते." फडकं थांबलं. "पण नको म्हटलं म्हणून काय खरंच घ्यायचं नाही?"

मग त्या आपणहून बोलू लागल्या. माझ्याकडे न बघता.

"इतरांचे व्हिडिओ कितीही बघते मी. कुणी महाल बांधो, मला काही होत नाही. हिचा लावला की नजर आधी शिवणीवर. कुठे ओढलंय, कुठे चुण्या पडल्यात. सापडलं की इतकं बरं वाटायचं. मग संध्याकाळपर्यंत माझी मलाच लाज. आणि दुसऱ्या दिवशी परत तेच."

"आणि फोनवर समजूत घालायचात?"

"ते खोटं नव्हतं गं. हिला कुणी बोललेलं मला सहन होत नाही."

मी डाग पडलेली कॉलर उचलून बाजूला ठेवली.

त्यानंतर फोन यायचा बंद झाला. जेवणानंतर ताई टेबल मोकळं करून बसायच्या, रिकामे हात मांडीवर ठेवून. शेवटी एका सकाळी म्हणाल्या, "माझ्याबरोबर येतेस? एकटीने नाही जाववत."

धाकटीने दार उघडलं. ती भांडली नाही.

"चुकलं माझं," ताई उंबऱ्यातच म्हणाल्या.

"आत तर ये. चहा टाकते."

चहा झाला. मग धाकटी आतून एक निळा कोट घेऊन आली. बाह्या नुकत्याच जोडल्या होत्या. तिने तो ताईंच्या मांडीवर ठेवला.

"बघ."

ताईंनी मुंढ्यावरून हात फिरवला. तो हात मला माहीत आहे. चूक असेल तिथे तो आपोआप थांबतो. तो कुठेच थांबला नाही.

"छान बसलाय."

"खरं सांग."

"खरंच छान आहे."

"तिकडे लिहितेस तसं सांग ना."

"अगं, माझ्या हातून इतका नसता झाला," ताई म्हणाल्या. "तुझी शपथ."

धाकटीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग कोटाकडे. रागावलेली नव्हती ती. नुसती बघत होती, उत्तर कुठे लिहिलंय ते सापडत नसल्यासारखी. तिने कोट परत आपल्याकडे ओढला, आतून उलटा केला आणि लहान कात्री हातात घेतली.

"उसवू नकोस गं. चांगला आहे तो."

"असेल," धाकटी म्हणाली, आणि पहिला टाका कापला.

बाही निम्मी लोंबायला लागली तरी ताई म्हणतच होत्या, चांगला आहे गं, चांगला आहे.