डॉक्टरांना भीती वाटते

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी बदलापुरात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होते. डॉक्टरांच्या हाताला गुण होता आणि जिभेला हाड नव्हतं. पेशंट आत आला की "परत आलास? मागच्या गोळ्या कुणाला चारल्यास?" इथून सुरुवात. लोकांना त्याचं काही वाटत नसे. उलट डॉक्टर जितके जोरात ओरडतील तितकं औषध लवकर लागू पडतं, अशी गावाची समजूत होती.

एक दिवस डॉक्टरांनी पेपरातली जाहिरात माझ्यासमोर धरली. आखातातल्या एका हॉस्पिटलला डॉक्टर आणि नर्स हव्या होत्या. मुलाखत मुंबईत, इंग्रजीत.

"सिस्टर, दोघंही फॉर्म भरू."

"मला इंग्रजी बोलता येत नाही, डॉक्टर."

"मला तरी कुठं येतं? मी नुसतं वाचून पास झालोय."

म्हणून आम्ही उल्हासनगरला एका सिंधी मॅडमकडे शिकवणी लावली. त्या नवऱ्याबरोबर वीस वर्षं परदेशात राहिल्या होत्या आणि तिथल्या हॉस्पिटलात रिसेप्शनवर काम करत असत. गोऱ्या माणसाला कशाचा राग येतो, याची त्यांना खडान्‌खडा माहिती. घरी गेल्यावर आधी भाजलेला पापड आणि पाणी. तो संपल्याशिवाय इंग्रजी सुरू होत नसे.

पहिल्या दिवशी मॅडमनी मला पेशंट केलं आणि डॉक्टरांना डॉक्टरच ठेवलं.

"टंग!" डॉक्टर गरजले. मी दचकून जीभ बाहेर काढली.

मॅडमनी टेबलावर फूटपट्टी आपटली. "डॉक्टरसाब, पहले प्लीज, फिर जीभ."

मग कळलं की तिकडे पेशंटपासून हातभर लांब उभं राहायचं. लग्न झालं का, मुलं किती, हे कारणाशिवाय विचारायचं नाही. प्रत्येक गोष्ट करण्याआधी त्याची परवानगी घ्यायची. आणि वाईट बातमी सांगताना सुरुवातीला 'आय ॲम अफ्रेड' म्हणायचं, म्हणजे 'मला भीती वाटते'.

डॉक्टर अडून बसले. "मी का घाबरू? आजार त्याला झालाय."

"वहाँ ऐसेही बोलते हैं, साईं," मॅडम म्हणाल्या. "घबराना नहीं है, सिर्फ बोलना है."

रिक्षात डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, सवय पाहिजे. उद्यापासून दवाखान्यात सुरू करू." पेशंटना इंग्रजी कळणार नव्हतं, म्हणून हे सगळं मराठीत करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या आल्या त्या बदलापूर गावातल्या एक म्हाताऱ्या आजी. डॉक्टर हातभर लांब उभे राहिले आणि मऊ आवाजात म्हणाले, "आजी, मला भीती वाटते, तुम्हाला मलेरिया झाला असावा."

आजींनी त्यांचा हात धरून जवळ ओढलं. "भिऊ नको रं बाला. मी हाय ना."

मी औषधांच्या कपाटात तोंड घातलं आणि पोटभर हसले.

त्यानंतर एक फिटर आला. अंबरनाथला कारखान्यात कामाला होता, साखरेचा जुना पेशंट. बरोबर बायको. या माणसाने डॉक्टरांच्या जेवढ्या शिव्या खाल्ल्या होत्या तेवढ्या गोळ्याही खाल्ल्या नसतील.

"कृपया बसता का?" डॉक्टर म्हणाले.

फिटरने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं.

"तुमची हरकत नसेल तर मी रिपोर्ट बघू का?" रिपोर्ट त्यांच्याच हातात होता. "मला भीती वाटते, तुमची साखर थोडी वाढली आहे. तुम्हाला मला काही विचारायचंय का?"

फिटरला घाम फुटला. बायकोने पदर तोंडाला लावला. दोघं तसेच उठून गेले. डॉक्टर खूश. "बघितलंत सिस्टर? किती शांतपणे ऐकून घेतलं!"

संध्याकाळी दवाखान्यासमोर मुरबाडहून एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून फिटरची बायको, गावाकडचे भाऊ, भावजया, एक आत्या आणि दोन मेहुणे उतरले. मोठ्या मेहुण्याने हात जोडले. "डॉक्टर, आमच्यापासून लपवू नका. किती दिवस राहिलेत?"

"कुणाचे?"

"आता तुम्हालाच भीती वाटतीय म्हटल्यावर..." बायकोला हुंदका आवरेना. "इतक्या वर्षांत आम्हाला कधी बसा म्हणाला नाहीत तुम्ही!"

डॉक्टर मॅडमनी शिकवल्याप्रमाणे गोड आवाजात समजावू लागले. ते जितकं गोड बोलत, तितका आत्याचा सूर चढत होता. तेवढ्यात डॉक्टरांची नजर टेम्पोकडे गेली. फिटर मागच्या फळीवर बसून पुडक्यातली जिलबी खात होता.

"हे काय?"

"त्यांची इच्छा हो," बायको म्हणाली. "शेवटची म्हणून आणली, पाव किलो."

डॉक्टरांचं प्लीज, हातभर अंतर, सगळं तिथंच संपलं. "अरे गाढवा! साखर वाढलीय आणि जिलबी झोडतोस? टाक ती! मेलास तर माझ्या दारात येऊ नकोस!"

मग बायकोने आभाळाकडे बघून हात जोडले. "शिव्या दिल्या! वाचले गं बाई!" आत्याने डॉक्टरांची दृष्ट काढली. उरलेली जिलबी नातेवाइकांनी वाटून खाल्ली. फिटर तेवढा हिरमुसून बसला.

मुंबईची मुलाखत पंधरा दिवसांनी झाली. डॉक्टरांना विचारलं, पेशंटला वाईट बातमी कशी द्याल? ते "आय ॲम अफ्रेड" म्हणाले आणि पुढचं विसरले. समोरचा साहेब पाण्याचा ग्लास पुढे सरकवून प्रेमाने म्हणाला, "डोंट बी अफ्रेड." मी मात्र मोजकं बोलले, दर वाक्याला प्लीज लावलं आणि टेबलापासून हातभर लांब बसले. माझी निवड झाली.

मला आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली. ज्यांनी जाहिरात दाखवली तेच मागे राहिले. पण मी रजेचं बोलायला गेले तेव्हा डॉक्टर खेकसले, "रजा कसली? राजीनामा लिहा! आणि तिकडे कुणी त्रास दिला तर मराठीत झाडा!" मग स्वतःच पेन शोधून दिलं.

आखातात पोचले तर वॉर्डातल्या सगळ्या नर्स केरळच्या, पेशंटही बरेचसे केरळचेच. आठवडाभर माझ्या प्लीजला कुणी विचारलं नाही. माझ्या खोलीत राहणाऱ्या केरळच्या नर्सने मला मल्याळममधलं पहिलं वाक्य शिकवलं ते 'वेदना उण्डो?', दुखतंय का? त्यातला वेदना तर आपलाच शब्द. दुसऱ्या दिवशी मी एका म्हाताऱ्या पेशंटला ते खणखणीत आवाजात विचारलं. तो इतका खूश झाला की पाऊण तास मल्याळममध्ये सांगत बसला, आणि मी एक अक्षरही न कळता शेवटपर्यंत मान डोलावत राहिले.