कमरेवरचा सत्तेचाळीस

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दत्तारामइतका हट्टी माणूस दुसरा नाही, आणि तो माझाच मित्र निघावा हे माझं नशीब. निवृत्त झाल्यावर लोक देवाला लागतात, हा इंग्रजांच्या नाण्यांना लागला. नाण्यावरच्या एडवर्डला तो टकल्या म्हणतो, जॉर्जला दाढीवाला. घरात नातेवाइकांचा एक फोटो नाही, पण या दोघांचा अल्बम टीव्हीशेजारी असतो.

त्यातही त्याचा जीव अडकला होता भोकाच्या पैशात. लढाईच्या दिवसांत धातू वाचवायला इंग्रजांनी मधोमध भोक ठेवून काढलेला हा पैसा. त्रेचाळीसपासूनची सगळी सालं दत्तारामकडे होती, फक्त सत्तेचाळीस नव्हतं. आणि रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन. पूर्ण संच मांडणार, असं हा गावभर सांगून बसलेला. संच अपुरा राहिला असता, तर कुर्ल्याचा मुकुल, म्हणजे त्याचा नाण्यांतला वैरी, वर्षभर हसला असता.

त्या घाईत मालाडला एका भंगारवाल्याच्या गाडीखाली वाकून शोधताना दत्तारामची कंबर धरली. एक्स-रेला अर्थातच मला जावं लागलं. तिथल्या मुलीने कमरेचा करगोटा काढायला सांगितलं. हा काढेना. म्हणे आई रागावेल. साठी उलटलेला माणूस. शेवटी तिने कपाळावर हात मारून तसाच एक्स-रे काढला.

फोटोत मणक्यावर एक गोल चकती दिसली. मधोमध भोक.

करगोट्यात जन्मभर ज्याला तो ताईत समजत होता, तो दोऱ्यात गुंडाळलेला भोकाचा पैसा होता. त्याची आई वनमालाबाई दरवर्षी स्वतःच्या हाताने दोरा बदलते आणि हा गुदगुल्या होतात म्हणून डोळे मिटून उभा राहतो. एरवी बघावं तर मधे पोट येतं. घरी आल्यावर नलिनीवहिनींनी दोरा जरा सरकवला आणि भिंगातून साल वाचलं. सत्तेचाळीस.

दत्ताराम कात्री घेऊन आला, तेवढ्यात आई बाहेर आली.

"मी आसय तवसर ह्यो दोरो सुटाचो नाय," ती म्हणाली. "जन्माक इलस तेवा मुठीएवढो होतस. वाचाचो नाय म्हणी होते सगळे. तेवा बांधलंय."

दत्तारामकडे पाहता पैशाने गरजेपेक्षा जास्तच काम केलं होतं. पण त्याने मुकाट्याने कात्री ठेवून दिली. मला तो त्या क्षणी फार आवडला. अर्थात तसं मी त्याला सांगितलं नाही.

रविवारी अल्बमच्या रिकाम्या कप्प्यात चिठ्ठी होती: 'हा नग संग्राहकाच्या अंगावर आहे. विचारल्यास दाखवला जाईल.' लोक विचारत होते आणि हा पोट आत ओढून सदरा वर करत होता. आई शेजारी खुर्ची टाकून पहाऱ्याला बसलेली. मुकुलने गुडघ्यांवर बसून भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि हळूच विचारलं, "विकणार का?"

आईने दत्तारामकडे बोट केलं. "पैसो होयो तर ह्या झीलाकय घेवन जावा."

मुकुलने दत्तारामला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाला, "नको."

दत्तारामला त्याचा भयंकर राग आला. आईने मात्र संध्याकाळी दोऱ्याला आणखी एक गाठ मारली, आणि हा डोळे मिटून उभा राहिला.