एकच डोळा रंगवणाऱ्या बाई

पंचवटीत भाजीला गेले की टिकल्यांच्या निमित्ताने मी त्या बाईंच्या मेकअपच्या दुकानात डोकावतेच. त्यांचे डोळे बारीक, वरची पापणी झुकलेली. त्यातला एकच डोळा त्या रोज रंगवतात, दुसरा कोरा ठेवतात. "गिऱ्हाइकाला फरक दिसायला नको का?" म्हणतात. तशाच अवतारात बँकेतही जाऊन येतात.

परवा सायखेड्याची एक आत्या भाचीला घेऊन आली. भाचीचं लग्न आठवड्यावर होतं.

"ताई, पोरीचे डोळे लय बारीक हायेत. मोठा ब्रश द्या, म्हंजे मोठे दिसतील."

पोरगी मान खाली घालून उभी होती.

बाईंनी मोठा ब्रश तिच्या पापणीला टेकवून आरसा धरला. ब्रश थेट भुवईपर्यंत पोचला होता. मग त्यांनी पेन्सिलीच्या टोकाएवढा ब्रश काढला. "हा घे. आणि डोळा उघडा ठेवून लाव गं. मिटून लावलंस, तर उघडल्यावर सगळं पापणीच्या घडीत गुडूप."

पोरीने ब्रश घेतला, पण डोळ्याजवळ नेईना. "आधी माझ्यावर गिरव," म्हणत बाईंनी आपला कोरा डोळा पुढे केला. रेघ पार वाकडी गेली. आरशात बघून बाई इतक्या हसल्या, की त्यांचे दोन्ही डोळे दिसेनासे झाले. मग पोरगीही हसली आणि तिचेही झाले.

भाजी घेऊन मी परतले, तेव्हा बाई दुसऱ्या गिऱ्हाइकाला दोन्ही डोळे दाखवत होत्या. "हा मी केलाय. आणि हा नवरीने केलाय, त्याला हसायचं काम नाही."