मांजर झोपलंय

बेडूकबाईंना खरं नाव होतं, पण ते हजेरीपटापुरतं. बालवाडीतली पोरं त्यांना बेडूकबाई म्हणायची, पोरांचे आईबाप म्हणायचे, आणि कोपऱ्यावरचा दुकानदारही "काय बेडूकबाई, आज काय देऊ?" असंच विचारायचा. बाईंना त्याचं काही वाटत नसे. उड्या शिकवणारीला बेडूक नाही म्हणायचं तर काय कासव म्हणायचं?

तसं पाहिलं तर कासव जास्त शोभलं असतं. बाईंच्या गुडघ्यांनी केव्हाच हात टेकले होते. वर्गात त्या एका बुटक्या स्टुलावर बसत आणि तिथूनच सगळा कारभार हाकत. जमिनीवर खडूने डबकी काढलेली असत. एका डबक्यातून दुसऱ्यात दोन्ही पाय जोडून जायचं, मध्ये पाय पडला तर चिखल. कुणी एकेक पाय टाकायला लागलं, की बाई त्याच्या दोन गुडघ्यांमध्ये घडी घातलेला रुमाल अडकवत. "रुमाल पडला तर तो तुझ्या बाबांनी धुवायचा!" रुमाल सांभाळायच्या नादात पोर दोन्ही पाय एकदम उचलायचं आणि उडी केव्हा जमली ते त्यालाही कळायचं नाही. दारात उभी असलेली आई कौतुकाने म्हणे, "बाई, किती लांब गेली हो माझी सोनी!"

"लांब जाऊ दे हो. उतरली कशी ते बघा. उडी कुणीही मारतं, उतरायला शिकवावं लागतं."

उतरायला शिकवायचा त्यांचा खेळ म्हणजे 'मांजर झोपलंय'. बाई भिंतीकडे तोंड करून चटईवर आडव्या व्हायच्या. हे मांजर. पोरांनी पलीकडच्या बाकावरून खाली उडी मारायची, गुडघे वाकवून, चवड्यांवर, अजिबात आवाज न करता. धप्प झालं की मांजर "म्याव!" करून उठणार आणि पोर परत बाकावर. जो मांजराच्या कानाला हात लावून गुपचूप आपल्या जागी जाईल, तो जिंकला. मग साऱ्या वर्गाने "मांजर हरलं!" म्हणून गलका करायचा आणि पुढचं मांजर त्याने व्हायचं. वर्षाकाठी असे दोघे-तिघेच निघत, कारण बाईंचे कान फार तिखट होते.

आणि याच बाईंच्या नातीला उतरणं काही केल्या जमलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय! नात लेकीबरोबर बाईंच्याच घरी वाढली. वरच्या मजल्यावरची एक खोली, लाकडी जमीन, भिंतीशी खाट. लेक आणि नात खाटेवर निजत, बाई खाली गादीवर. रोज सकाळी मांजर झोपलेलं असायचं आणि रोज खाटेवरून धोंडा पडायचा. धप्प! फळीवरची भांडी वाजायची, मांजर उठायचं, आणि खालच्या दुकानातले शिंपीकाका कापड मोजायच्या गजाने छत ठोकायचे. "अहो बाई, घर पाडताय की काय?" म्हणून पोरीचं नाव पडलं धप्पू. चार वर्षांची होईस्तोवर धप्पू एकदाही आजीच्या कानापर्यंत पोचली नाही.

मग जावई ज्या दूरच्या शहरात होता तिथेच लेकीलाही काम मिळालं आणि धप्पू गेली. चांगलंच झालं. बाईंनी स्वतः सामान बांधून दिलं. पण त्यांची सकाळ मोडली ती मोडलीच. पूर्वी आवाजाने जाग यायची, आता आवाज झाला नाही म्हणून यायची. पडल्या पडल्या त्या वाट बघायच्या आणि मग आठवायचं. वर्गात पोरं दिवसभर धडाधड आदळत, पण ती धप्प त्यांच्यात नव्हती. फोनवर धप्पू दिसायची, "आजी, जेवलीस?" विचारायची आणि पळायची. बाईंना तिच्याकडून एवढंच हवं होतं, एकदा सकाळी डोळे मिटून पडावं आणि ती धप्प ऐकावी. आता असलं काही फोनवर मागतात का?

दोन वर्षांनी लेक नातीला घेऊन चार दिवसांसाठी आली. धप्पू उंच झाली होती. समोरचा दात पडलेला, वेण्या घट्ट, आणि बोलणं कसं अगदी मोजूनमापून. परक्याच्या घरी बसावं तशी खुर्चीच्या कडेला बसली. बाईंनी मनाला समजावलं, सकाळ तर होऊ दे.

सकाळी बाई सगळ्यांआधी जाग्या झाल्या. भिंतीकडे कूस वळवली, डोळे मिटले. मागे खाट करकरली. बाईंनी श्वास रोखला. आता! पण काहीच नाही. भांडी गप्प, खालचे काका गप्प. बराच वेळ गेला. कानाच्या पाळीवर काहीतरी वळवळलं, ते बाईंनी झटकलं. शेवटी वळून पाहिलं तर धप्पू खाटेवर तोंडावर चादर ओढून निजलेली.

दुसऱ्या सकाळीही तेच. नाश्त्याला बसल्यावर बाई करवादल्या, "या घरात माश्या फार झाल्यात गं. उजाडत नाही तोच कानाशी येऊन बसतात मेल्या."

धप्पूने दुधाच्या पेल्यात तोंड खुपसलं ते बराच वेळ वर काढलंच नाही.

"खिडकीला जाळी बसवून घे, आई," लेक म्हणाली.

"बघू." मग बाईंनी हळूच विषय काढला. "काय गं, ही अजून उड्या मारते का?"

"छे गं! तिकडे खालचे लोक फार तक्रारी करतात. आता घरात धप्प म्हणून वाजत नाही. मोडली ती सवय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि उगाचच ओटा पुसायला उठल्या. बरं कसलं डोंबलाचं! गावभरच्या पोरांना उड्या शिकवायच्या आणि आपल्याच पोरीने उडी अशी विसरून जायची. त्यांना रडू येत होतं आणि त्या रडण्याचा रागही येत होता. तिसऱ्या सकाळी त्यांनी फारशी आशा धरली नाही. माशी तेवढी नेमाने आली आणि नेमाने झटकली गेली.

चौथ्या दिवशी निघायचं होतं. सकाळी बाईंनी वाट बघायचीसुद्धा नाही असं ठरवलं होतं, उठून त्यांनी डबा केला. लेक पिशव्या घेऊन खाली गेली. गाडी दारात उभी होती. धप्पू मात्र खाटेवर बसलेली, बूट हातात, गाल फुगलेले.

"चल गं राणी, आई हाका मारतेय."

"मी नाही. तू चीटिंग करतेस."

"मी? काय केलं बाई मी?"

"मी जिंकले तरी मला मांजर करत नाहीस."

"कधी जिंकलीस?"

"रोज! एवढीशीसुद्धा वाजले नाही. तीन दिवस तुझ्या कानाला हात लावला आणि परत जागेवर गेले. आणि तू मला माशी म्हणालीस!"

बाई होत्या तिथेच खाटेवर टेकल्या. हात आपोआप कानाकडे गेला.

"अगं, कधी शिकलीस असं उतरायला?"

"तिकडे. रोज सोफ्यावरून. तुझ्याकडे आल्यावर जिंकायचं होतं ना."

दोन वर्षं आपण एका आवाजाची वाट बघत होतो, आणि ही पोर तोच आवाज घालवायला धडपडत होती, आपल्यापर्यंत पोचायला! बाईंना तिला कवटाळून रडावंसं वाटलं. पण खालून गाडीचा भोंगा वाजला, आणि खेळातली थकबाकी ठेवून पाहुणीला पाठवणं बाईंच्या नियमात बसत नव्हतं. त्यांनी गुंडाळलेली गादी परत पसरली.

"मांजर हरलं गं बाई, साफ हरलं. हो आता तू मांजर."

धप्पू क्षणात भिंतीकडे तोंड करून आडवी. बाई खाटेवर चढल्या. कितीतरी वर्षांनी त्या अशा उंचावर उभ्या होत्या. गुडघे वाकवले, हात मागे नेले, मनातल्या मनात रुमाल गुडघ्यांत धरला आणि उडी घेतली.

धप्प!

भांडी वाजली. खालचं शिलाई मशीन थांबलं, छतावर गज आपटला. "बाई! आता कोण पडलं?"

"म्याव!" धप्पू टुणकन उठली आणि खो खो हसत सुटली. "आजी, तुला उतरताच येत नाही! किती वाजलीस!"

"नाही येत गं," बाई गुडघा चोळत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"मग सराव कर हं. मी परत येईपर्यंत," असं बजावून धप्पूने बूट चढवले, आजीच्या कानाला बोट लावलं आणि जिना उतरून गेली. तिच्या पावलांचा आवाज मुळीच आला नाही.

दुसऱ्या दिवशी बाई उजाडताच जाग्या झाल्या. भिंतीकडे कूस वळवली, केस मागे सारून कान मोकळा केला आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने कानाच्या पाळीवर खरोखरचीच माशी येऊन बसली. बाईंनी ती झटकली नाही.